नाव असलेलं वादळ आणि बिननावाचं वादळ

जून 2020 ला 'निसर्ग' आलं तेव्हा जळगाव-धुळ्यातल्या प्रत्येक मोबाइलवर तो पांढरा भोवरा फिरत होता. 3 जूनला ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. रायगडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. जमिनीवर आल्यावर वादळाला समुद्राची वाफ मिळत नाही, त्यामुळे उत्तरेकडे सरकता सरकता ते ढिलं पडत गेलं.

इतक्या वर्षांच्या बातमीदारीत एक गोष्ट पक्की कळलीय. खान्देशाला लोळवणाऱ्या वादळांना बहुतेक वेळा नावच नसतं.

वारा ताशी 62 किलोमीटरवर गेला की मगच समुद्रातल्या वादळाला नाव मिळतं. त्याखाली ते नुसतं डिप्रेशन. पण पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे येणारं असं एखादं बिननावाचं डिप्रेशन बैतूल-बऱ्हाणपूरकडे धो धो बरसतं, आपल्याकडे नुसतं ढगाळ असतं, आणि हतनूरचे दरवाजे उघडतात. तापीकाठच्या माणसासाठी खरी बातमी ती.

आणि केळी? मे-जूनमध्ये दिवसभर तापलेल्या हवेतून दुपारनंतर ढग उभा राहतो, थोडा वेळ वारा सुटतो, आणि रावेर, यावल, चोपड्याकडे घडांनी लदलेली खोडं मोडून पडतात. वर्षभराचा खर्च अर्ध्या तासात मातीत.

अशा ढगासाठी हवामान खातं जिल्हावार, पुढच्या तीन तासांचा इशारा देतं. पेपर छापून येईपर्यंत तो शिळा होतो. उरतं काय, तर 'जळगावला रेड अलर्ट' एवढं शीर्षक, ना तारीख ना वेळ. कालचा स्क्रीनशॉट आज फिरतो. घाबरून माल काढायला निघालं की भाव समोरचाच ठरवतो. आणि चार वेळा काहीच झालं नाही की पाचव्यांदा खरा इशारा कोणी वाचत नाही.

रंगांचा अर्थ साधा आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

म्हणून पत्रकार मित्रांना आणि ग्रुप अ‍ॅडमिन भाऊंना विनंती. इशारा टाकताना चार गोष्टी लिहा: कधी दिला, कधीपर्यंत लागू, कोणता जिल्हा, वारा किती. यातलं काहीच नसेल तर पुढे पाठवू नका. भोवऱ्याचं चित्र नसलं तरी चालेल, वेळ पाहिजे.