नवीन पासवर्ड कुणाकुणाला सांगायचा?

घरात एक सॉफ्टवेअर इंजिनिअर असला की वायरीने किंवा बिनवायरीने चालणारी प्रत्येक वस्तू नातेवाईकांच्या लेखी त्याच्या अखत्यारीत येते. प्रिंटर, इन्व्हर्टर, डिशचा बॉक्स, झालंच तर मिक्सर. तुम्ही डेटाबेसवर काम करता की टेस्टिंगवर, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. "कॉम्प्युटरचं करतो ना? मग बघेल की तो!" विषय संपला.

हल्ली या यादीत पहिल्या नंबरवर असतो तो वायफायचा विसरलेला पासवर्ड. गेल्या महिन्यात एकाच शनिवार-रविवारी अशा दोन केसेस आल्या. एक शिरूरला आत्याकडे, दुसरी दौंडला मामांकडे. फोनवरचं वाक्य दोन्हीकडे अगदी सारखं होतं, "पासवर्ड विसरलाय, जरा बघतोस का?" प्रत्यक्षात दुखणी वेगळी निघाली. शिरूरला प्रश्न स्मरणशक्तीचा होता आणि दौंडला शेजारधर्माचा.

आधी शिरूर. नगर रस्त्याने पुण्याहून साधारण सदुसष्ट किलोमीटर. जुनी माणसं अजूनही घोडनदीच म्हणतात. आत्याकडचं कनेक्शन आतेभावाने तीन वर्षांपूर्वी घेतलं, पासवर्ड टाकला, सगळ्यांचे फोन जोडून दिले आणि तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला. त्यानंतर पासवर्ड टाइप करायची वेळच कुणावर आली नाही. आता आत्याने नवीन फोन घेतला आणि गाडी अडली. आतेभावाला आठवत नाही, कागदावर लिहिलेला नाही.

आत्याचा उपाय तयार होता. "अरे, त्या डब्याच्या मागं एक बारीक भोक आहे ना, त्यात सुई घालून दाबायचं. शेजारच्या पोरानं सांगितलंय."

मंडळी, हा उपाय बरोबर आहे, पण तो शेवटचा उपाय आहे. कारण राउटरशी संबंधित पासवर्ड एक नसतो, तीन असतात. पहिला वायफायचा, म्हणजे फाटकाची किल्ली. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा, ज्याला ॲडमिन पासवर्ड म्हणतात. ही झाली घराच्या कागदपत्रांच्या कपाटाची किल्ली. आणि तिसरं म्हणजे इंटरनेट देणाऱ्याने तुमच्या नावाने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड. हे नळजोडाच्या ग्राहक क्रमांकासारखं. एकदा डब्यात भरून ठेवलं की ते पुन्हा कुणाला दिसत नाही.

सुईचं बटण डबा चालू असताना दहाएक सेकंद दाबून धरलं की सगळे दिवे एकदा लुकलुकतात आणि डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. पहिल्या दोन किल्ल्यांची कारखान्यातली नक्कल डब्याच्या बुडाशी स्टिकरवर छापलेली असते. तिसरी गोष्ट तिथे नसते. ती फक्त ऑपरेटरकडे असते. (आणि डबा नुसता बंद करून चालू करणं म्हणजे रीसेट नव्हे. त्याने काहीच पुसलं जात नाही, ते खुशाल करा.)

आत्याकडे सुईची गरजच नव्हती. जुना फोन अजून जोडलेला होता, म्हणजे पासवर्ड त्या फोनमध्ये होता. अँड्रॉइड दहापासून, म्हणजे २०१९ पासून, वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर शेअर दाबलं की चौकोनी क्यूआर कोड येतो, आणि बऱ्याच फोनवर त्याच्याखाली पासवर्डही लिहिलेला असतो. आयफोनवर २०२२ च्या आयओएस सोळापासून तो थेट बघता येतो. विंडोजच्या लॅपटॉपवरही नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मिळतो. नव्या फोनने जुन्या फोनचा कोड स्कॅन केला, तीन मिनिटांत काम फत्ते. पासवर्ड वहीत लिहिला, वही देवघराच्या खणात. चहा-पोह्यांना मात्र दीड तास लागला.

रविवारी दौंड. शिरूरहून न्हावरे, चौफुला, पाटस करत निघालो. मामा रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, तोवर सगळ्यांनी प्लॅटफॉर्मवर चहा प्यायचा, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना या गावाचा स्वभाव सांगायला नको. थांबलेल्या माणसाला काहीतरी द्यायचं, ही इथली रीत. मामा चहा द्यायचे. आता वायफाय देतात.

मी पोचलो तेव्हा सुईचा प्रयोग आदल्या दिवशीच झालेला होता. मामेभावाचा मुलगा, इयत्ता आठवी, याने तो पार पाडला होता. निकाल असा : स्टिकरवरच्या नावाचं वायफाय दिसतंय, फोन जोडला जातोय, पण नेट शून्य. व्हॉट्सॲपला नुसतं घड्याळाचं चिन्ह. म्हणजे तिसरी गोष्ट पुसली गेली होती. काही कंपन्या ही माहिती दूरवरून आपोआप पुन्हा भरतात, मामांच्या ऑपरेटरची तशी सोय नव्हती. पण छोट्या गावाचा एक फायदा असतो. ऑपरेटर दोन गल्ल्या सोडून राहतो आणि रविवारी फोन उचलतो. त्याने युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा नंबर सांगितला. मी लॅपटॉप वायरने जोडला, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं (तुमच्या डब्याचा पत्ता स्टिकरवर बघा), माहिती भरली आणि वीस मिनिटांत नेट सुरू.

"हं, आता वायफायचा नवीन पासवर्ड सांगा," मी म्हणालो.

मामा गप्प. मग म्हणाले, "गाडीचा नंबर टाक की. ध्यानात राहतो."

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. दौंडची गाडी म्हणजे एमएच ४२. पुढे दोन अक्षरं आणि चार आकडे. होऊन होऊन किती नंबर होणार? २६ गुणिले २६ गुणिले दहा हजार, म्हणजे ६७ लाख ६० हजार. फोन राउटरला जोडला जातानाची देवाणघेवाण हवेतून पकडता येते आणि मग घरी बसून एकेक नंबर लावून बघता येतो. आजचं भारी ग्राफिक्स कार्ड सेकंदाला वीसएक लाख पासवर्ड तपासतं. म्हणजे मामांच्या गाडीला लागतील चारेक सेकंद. मोबाईल नंबर ठेवला तर? सहा, सात, आठ किंवा नऊने सुरू होणारे दहा आकडे म्हणजे ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो, पण तेवढ्याला तासभरही लागत नाही. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा. लक्षात राहतात आणि लांबीही भरपूर होते. कमीत कमी आठ अक्षरं लागतात, त्रेसष्टपर्यंत चालतात.

मामांना हिशोब पटला, पण चेहरा उतरलेलाच. म्हटलं, काय झालं?

"अरे, पासवर्ड कसलाही ठेव. तो सांगायचा कुणाकुणाला, ते बोल."

मग यादी बाहेर आली. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. समोरचा झेरॉक्सवाला. त्याचा मेव्हणा. पलीकडच्या घरातली मुलगी, जी पोलीस भरतीच्या ऑनलाइन टेस्ट मामांच्या ओट्यावर बसून देते. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, तेव्हा भरतीची तयारी इथे घरोघरी चालते. तिच्या दोन मैत्रिणी. कोपऱ्यावर गाडी लावून बसणारी चार पोरं, ज्यांना पासवर्ड कुणी दिला हे कुणालाच माहीत नाही. मी सतरापर्यंत मोजलं. संध्याकाळी सातला घरचा टीव्ही अडखळायचा आणि फाटकावरचा कॅमेरा बंद पडायचा, त्यात नवल ते काय!

"मग आधीच नाही का म्हणालात?"

"पाण्याला आन् नेटला नाही म्हणायचं नसतं रे."

आणि मग हळूच खरी गोष्ट कळली. मामा पासवर्ड विसरलेच नव्हते. त्या चार पोरांना तोंडावर नाही म्हणवत नव्हतं, म्हणून नातवाला सांगितलं, दाब सुई. डबा बिघडला, पासवर्ड गेला, आता मलाच ठाऊक नाही... संपलं. कुणी दुखावलं नाही, सगळे आपोआप बाहेर. गार्डाने लाल झेंडी दाखवायच्या ऐवजी गाडीच रद्द केली!

तेव्हापासून मला दाट संशय आहे की महाराष्ट्रात "वायफायचा पासवर्ड विसरलोय" हे नकाराचं सगळ्यात सभ्य रूप असावं.

पण नुसतं बाहेर काढून भागणार नव्हतं. आठ दिवसांत सतराच्या सतरा परत आले असते. म्हणून मी मामांना २००८ ची गोष्ट सांगितली.

२६ जुलै २००८. अहमदाबादला साखळी बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारी ई-मेल आली होती. मेलच्या आयपी ॲड्रेसचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहत होता एक अमेरिकन माणूस. कटाशी त्याचा संबंध नव्हता, त्याचं वायफाय बाहेरच्या कुणीतरी वापरलं होतं. पण चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्यालाच. ऑगस्टमध्ये तसंच माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं नेटवर्क वापरून मेल गेली, सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरमधल्या एका कंपनीचं. त्याच वर्षी मुंबई पोलिसांनी या मेलच्या प्रकरणात ज्यांना पकडलं, त्यांत पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा एक जण होता. आपल्याच धंद्यातला.

यात तांत्रिक मुद्दा एवढाच. राउटरच्या आत सतरा फोन असोत की सत्तर, बाहेरच्या जगाला ते सगळे एकाच पत्त्याचे दिसतात. ऑपरेटरच्या वहीत त्या पत्त्यासमोर एकच नाव असतं, ज्याने फॉर्म भरला त्याचं. म्हणजे मामांचं. कोपऱ्यावरच्या पोराने कुणाला धमकीचा मेसेज टाकला किंवा कुणाच्या खात्यातून पैसे काढले, तरी पोलीस पहिला प्रश्न मामांना विचारणार. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या आणि वापरणाऱ्याची ओळख पटवण्याच्या सूचना काढल्या, त्या याच घटनांनंतर. स्टेशनवरचं फुकट वायफाय आधी मोबाईल नंबर आणि ओटीपी का मागतं, याचं उत्तर इथे आहे. आणि झेरॉक्सवाल्याला गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचंच असेल, तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. त्यात साधा दुकानदारही परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो, आणि कोण जोडलं गेलं याची नोंद राहते.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती टेस्टवाली पोरगी मात्र चालू राह्यली पाहिजे. तिचा पेपर आहे."

हे मला मान्यच होतं. सुरक्षेच्या नावाखाली ओट्यावरच्या मुलीला उठवायचं, तर मग त्या सुरक्षेला काय अर्थ?

म्हणून दोन फाटकं केली. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क नावाची सोय असते. घरचं नेटवर्क वेगळं, त्यावर टीव्ही, कॅमेरा आणि घरचे फोन. (कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, तेव्हा राउटरची दोन नावं दिसत असतील तर पासवर्ड दोन्हीकडे बदला.) पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं, त्याचा पासवर्ड वेगळा, आणि तो दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचा. पाहुण्यांना नेट मिळतं, पण घरचा कॅमेरा दिसत नाही. एक गोष्ट मात्र मामांना स्पष्ट सांगितली. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही नेटवर्क तुमच्याच नावाची दिसतात. तेव्हा पासवर्ड त्यालाच द्या, ज्याच्यासाठी तुम्ही पोलीस चौकीत जाऊन "हा माझ्या ओळखीचा आहे" असं सांगाल.

हे वाक्य त्यांना बरोबर कळलं. वही काढली, रेघा मारल्या. नाव, तारीख, कशासाठी. गार्डाच्या हाताचं वळणदार अक्षर.

परवा फोन झाला. यादीत सहा नावं आहेत. झेरॉक्सवाल्याने स्वतःचं कनेक्शन घेतलं. मुलीच्या टेस्ट चालू आहेत. कोपऱ्यावरची पोरं दोनदा विचारून गेली.

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, पासवर्ड तुमच्या मामीकडं असतो."

ही व्यवस्था मात्र माझ्या डोक्यात आली नव्हती. राउटरचा ॲडमिन पासवर्ड, पाहुण्यांचा पासवर्ड आणि ती वही, सगळं आता डाळीच्या डब्यामागे मामीच्या ताब्यात आहे. आणि मामीला नाही म्हणायला सुई लागत नाही.