व्हेंटिलेटर आणि एबीजी: सिस्टर पुन्हा पुन्हा रक्त का घेतात?

सीताबर्डीतल्या माझ्या दवाखान्यात आयसीयूतल्या पेशंटचे नातेवाईक फाईल घेऊन येतात, तेव्हा दोन प्रश्न हमखास असतात. "व्हेंटिलेटर लावला म्हणजे आता काही खरं नाही ना?" आणि "सिस्टर सारखं मनगटातून रक्त का काढतात?" दोन्हींचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे.

रक्ताचा पीएच, म्हणजे शाळेत शिकलेला सामू, ७.३५ ते ७.४५ असावा लागतो. हा तोल फुप्फुसं आणि किडनी सांभाळतात. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. तो साचला की रक्त आम्लधर्मी होतं. किडनी बायकार्बोनेट वाढवून सावरते, पण तिला दोन-तीन दिवस लागतात. थकलेल्या पेशंटकडे तेवढा वेळ नसतो. तेव्हा श्वासाचं काम मशीन करतं.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतोय, हे भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी ओळखलं. गळ्यात नळी बसवून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबत श्वास दिला. मृत्यू खूप कमी झाले. आजचं आयसीयू तिथूनच उभं राहिलं.

आता रक्ताचं. समजा पीएच ७.२५ आणि कार्बन डायऑक्साइड ६० आला (नॉर्मल ३५ ते ४५). मग डॉक्टर मशीनचे श्वास वाढवतात आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासतात. श्वास जास्त झाले तर रक्त उलट्या बाजूला झुकतं. म्हणून ही तपासणी, म्हणजे एबीजी, परत करावी लागते. रक्त जेमतेम एक-दोन मिली लागतं; त्याने अशक्तपणा येत नाही. सीओपीडीच्या जुन्या पेशंटला मात्र ५०-५५ सवयीचा असू शकतो. शेजारच्या बेडच्या रिपोर्टशी तुलना करू नका.

सिस्टर पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवतात, नळीतला कफ ओढतात, तोंड स्वच्छ करतात, कूस बदलतात. न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमा टाळण्यासाठी हे सगळं असतं. नळी स्वरयंत्रातून जाते, म्हणून पेशंट बोलू शकत नाही. ऐकू मात्र येऊ शकतं. जवळ जाऊन बोला.

व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही, उपचारांना वेळ मिळवून देतो. काही पेशंट त्यावरून उतरतात, काही नाही. म्हणून रोज डॉक्टरांना विचारा: मूळ आजार सुधारतोय का? ऑक्सिजन कमी करता आला का? पेशंट स्वतः श्वास घेतो का? एबीजीच्या एका आकड्यापेक्षा या तीन उत्तरांतून तुम्हाला जास्त कळेल.