बिनतिकिटाची मुंबई

परगांवाहून मुंबईस पाहुणे आले म्हणजे त्यांना काय दाखवावें, हा प्रश्न बहुतेक घरांत उभा राहतो. आणि त्याचें उत्तरही ठरल्यासारखें असतें. जेथें दारावर तिकीट लागतें तेथें न्यावयाचें. तिकीट जितकें महाग, तितकें स्थळ प्रेक्षणीय. मुलांच्या मनांत हें समीकरण नकळत ठसतें, आणि ज्याला दाम पडत नाहीं त्याकडे मान वळवून पाहण्याचें त्यांना कारण उरत नाहीं. याचा परिणाम दूरवर पोंचतो. ज्याची किंमत घरांत कोणी केली नाहीं, तें उद्यां नाहींसें झालें तर त्याबद्दल हळहळणार कोण?

आपल्या शास्त्रकारांनीं पुण्यकर्माचे दोन भाग सांगितले आहेत, इष्ट आणि पूर्त. यज्ञयागादि तें इष्ट. विहिरी, तलाव, देवालयें, बागा इत्यादि लोकांसाठीं करणें तें पूर्त. पूर्ताची खूण अशी कीं, बांधणारा एक असतो आणि भोगणारे सर्व असतात. मुंबईंत जें जें फुकट पाहावयास मिळतें, तें पुष्कळसें या पूर्तांतच मोडतें. म्हणून आमची सूचना अशी कीं, एखाद्या रविवारीं सकाळीं घरांतील लहानथोरांनीं मिळून निघावें, पाण्याची बाटली आणि दशमीचा डबा बरोबर घ्यावा, आणि प्रत्येक ठिकाणीं मुलांना एकच प्रश्न विचारावा : आपण जें फुकट पाहतों आहों, त्याचा पैसा कोणी दिला?

आरंभ बोरीबंदरापासून करावा. आजचें त्याचें नांव छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या स्थापत्यविशारदानें आंखलेल्या या इमारतीचें काम १८७८ सालीं सुरू झालें आणि पुरें होण्यास दहा वर्षें लागलीं. २००४ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत तिची नोंद केली. रोज लाखों माणसें हिच्या पोटांतून धांवत जातात. परंतु समोरच्या पदपथावर पांच मिनिटें उभा राहून मान वर करणारा विरळा. मान वर केली तर घुमटावर एका हातांत मशाल आणि दुसऱ्या हातांत चक्र घेतलेली प्रगतीची मूर्ति दिसते, आणि भिंतींवर दगडांत कोरलेलीं पानें, फुलें, पशु आणि पक्षी दिसतात. या कोरीव कामांत सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आणि ती शाळा त्या दानशूर पारशी गृहस्थाच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीमुळें १८५७ सालीं निघाली. वेलबुट्टीच्या मागें कलाकार, आणि कलाकाराच्या मागें दाता, अशी ही सांखळी मुलांस उलगडून दाखवावी.

तेथून दादाभाई नौरोजी मार्गानें दक्षिणेस चालावें. दोहों बाजूंच्या इमारतींखालून कमानींची सावली असल्यानें वृद्धांसही हा रस्ता जड जात नाहीं. तो संपतो तेथें फ्लोरा कारंजें आहे. कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांच्या देणगीचा त्यांत मोठा वांटा होता. मूळ बेत तें भायखळ्याच्या राणीच्या बागेंत उभारण्याचा होता. पण १८६४ सालीं तें येथें, भर रहदारींत उभें राहिलें. त्याच्याच शेजारीं हातांत मशाल घेतलेल्या शेतकऱ्याचें आणि कामगाराचें स्मारक आहे. १९५५ सालच्या २१ नोव्हेंबर रोजीं याच परिसरांत संयुक्त महाराष्ट्रासाठीं जमलेल्या जनसमुदायावर गोळीबार झाला. आणि १ मे १९६० रोजीं राज्य स्थापन होईपर्यंत त्या लढ्यांत शंभराहून अधिक माणसांनीं प्राण दिले. कारंज्याचा खर्च रुपयांत मांडतां येतो. हुतात्मा चौकाचा खर्च कोणत्या वहींत मांडावा?

चौकांतून पूर्वेस वळलें म्हणजे हॉर्निमन सर्कलची वर्तुळाकार बाग लागते. मुंबईच्या ‘क्रॉनिकल’ पत्राचे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांनीं हिंदी जनतेची बाजू घेतली, म्हणून इंग्रज सरकारनें १९१९ सालीं त्यांना येथून हद्दपार केलें. स्वतंत्र भारतानें बागेस त्यांचें नांव दिलें. समोर टाऊन हॉल आहे. त्याच्या तीस पायऱ्या चढूं लागलें कीं प्रचंड खांबांपुढें माणूस आपोआप हळू बोलूं लागतो. आरंभीं सोडती काढून या इमारतीसाठीं पैसा जमविला. तो पुरेना, तेव्हां उरलेला खर्च कंपनी सरकारनें सोसला आणि १८३३ सालीं काम पुरें झालें. येथेंच एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह आहे. १९३० ते १९६२ या काळांत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पांच खंड प्रसिद्ध करणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचा या संस्थेशीं निकट संबंध होता. इष्ट आणि पूर्त म्हणजे काय, हें ज्यांना सविस्तर जाणावयाचें असेल त्यांनीं त्या खंडांकडे वळावें.

पायांत बळ असेल तर येथून आणखी दक्षिणेस गेटवे ऑफ इंडियापर्यंत जावें. पंचम जॉर्ज बादशहाच्या १९११ सालच्या आगमनाची ही खूण १९२४ सालीं पुरी झाली. तिचा खर्च मुख्यतः सरकारी तिजोरींतून, म्हणजे रयतेच्या करांतून झाला. बादशहाच्या स्वागताची कमान रयतेच्या पैशानें उभी राहिली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं गोऱ्या फौजेची अखेरची तुकडी तिच्याच खालून निघून गेली. समोर १९६१ सालच्या प्रजासत्ताकदिनीं बसविलेला छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. एवढा इतिहास इतक्या थोड्या जागेंत क्वचितच सांपडतो.

परत फिरून ओव्हल मैदानाच्या हिरवळीवर बसावें आणि डबा सोडावा. पूर्वेस उच्च न्यायालय व विद्यापीठ यांचीं टोंकदार शिखरें, पश्चिमेस १९३० नंतरच्या वाटोळ्या सज्ज्यांचीं घरें. दोन युगें समोरासमोर उभीं आहेत आणि मधें मुलें क्रिकेट खेळतात. २०१८ सालीं हा सारा परिसर जागतिक वारसा ठरला. विद्यापीठाचा २८० फूट उंचीचा राजाबाई मनोरा येथून स्पष्ट दिसतो. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानें आपल्या मातेच्या नांवें त्यासाठीं दोन लक्ष रुपये दिले. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजींत प्रेमचंदांनीं अफाट संपत्ति मिळविली. १८६५ सालीं युद्ध थांबलें, भाव कोसळले आणि त्या संपत्तीचा डोलारा ढांसळला. मनोरा मात्र १८७८ सालीं पुरा झाला, आणि आजही उभा आहे.

उन्हें कलूं लागलीं कीं चर्चगेटवरून मरीन ड्राइव्ह गांठावा. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवरचा हा साडेतीन किलोमीटरांहून किंचित् लांब वळसा. त्याच्या कट्ट्यावर लक्षाधीश आणि मजूर एकाच दगडावर बसतात. उत्तरेच्या टोंकास गिरगांव चौपाटी. लोकमान्य टिळकांच्या देहाला १ ऑगस्ट १९२० रोजीं येथील वाळूंत अग्नि दिला गेला. तेथें त्यांचा पुतळा आहे. भेळेच्या गाडीकडे वळण्यापूर्वीं मुलांनीं तेथें दोन मिनिटें उभें राहावें.

चौपाटीवरून मलबार टेकडी चढून गेलें कीं फिरोजशाह मेहता उद्यान लागतें. लोक त्याला हँगिंग गार्डन म्हणतात. १८८१ सालची ही बाग एका जलाशयाच्या माथ्यावर वसली आहे. वर फुलें, खालीं शहराच्या तहानेची सोय. २०२३ सालीं जलाशयाच्या पुनर्बांधणीसाठीं येथील शेंकडों झाडांवर गदा येणार असें दिसलें, तेव्हां तेथें नित्य फिरावयास येणाऱ्या नागरिकांनीं हरकत घेतली आणि तो प्रश्न तज्ज्ञांच्या समितीपुढें गेला. या लोकांनीं बागेंत येण्यासाठीं कधीं दमडी मोजली नव्हती. पण वर्षानुवर्षें तिच्या सावलींत चालून ती त्यांना आपली वाटूं लागली होती. बिनतिकिटाच्या जागेचें रक्षण असेंच होतें, तिच्याकडे नेहमीं जाण्यानें.

शेवटीं टेकडीच्या उतारावर, वाळकेश्वरीं, बाणगंगेच्या पायऱ्यांवर यावें. तृषार्त रामचंद्रासाठीं बाणानें पाताळांतून गंगा वर आणली, ही कथा आजीच्या तोंडून मुलांना ऐकूं द्यावी. समुद्र हाकेच्या अंतरावर असून तलावाचें पाणी गोडें आहे. शिलाहारांच्या काळापासूनचें हें तीर्थ. येथील देवालय १७१५ सालीं रामा कामत या धनाढ्य सारस्वत व्यापाऱ्यानें पुन्हा बांधलें. पुढें १७२० सालीं, कान्होजी आंग्र्यांशीं संधान बांधल्याच्या आरोपावरून कंपनीनें त्याच्यावर खटला चालविला व त्याची मालमत्ता जप्त केली. ज्या पत्रांवर भर दिला तीं बनावट असल्याचें मागाहून उघड झालें. परंतु तोंवर उशीर झाला होता. कैदेंतच त्याचा अंत झाला.

आतां दिवसभराच्या प्रश्नाचा जमाखर्च मांडावा. रामा कामताची मालमत्ता गेली, प्रेमचंदांची तेजी गेली, बादशहाचें राज्य गेलें. जें जें त्यांनीं आपल्यापाशीं राखलें, तें राहिलें नाहीं. जें सर्वांसाठीं खुलें झालें, तेवढेंच आज आपल्यापर्यंत पोंचलें आहे. संस्कृतांत ‘अमूल्य’ या शब्दाचे दोन अर्थ संभवतात. ज्याला मूल्य नाहीं तेंही अमूल्य, आणि ज्याचें मूल्य करतां येत नाहीं तेंही अमूल्य. यांपैकीं कोणता अर्थ मुलांच्या मनांत रुजवावयाचा, हें शाळेंत ठरत नाहीं. आईबाप आणि आजीआजोबा त्यांचें बोट धरून त्यांना कोठें नेतात, यावर तें ठरतें. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण यांच्या जोडीस नगराचेंही एक ऋण मानावें. तें फेडण्यास मनोरा बांधण्याची ऐपत लागत नाहीं. बाणगंगेच्या पायरीवर निर्माल्याची पिशवी न टाकणें, कोरीव दगडावर आपलें नांव न खरडणें, बाग जावयाची वेळ आली तर एका अर्जावर सही करणें, आणि वर्षांतून एकदां तरी मुलांना घेऊन या वाटेनें चालणें, एवढें प्रत्येक घराला सहज करतां येण्याजोगें आहे.