मागचा ब्रेक

इंदुरातील एका मालवाहतूक पेढीचा जमाखर्च आम्ही जन्मभर लिहिला. डिझेल, टायर, ब्रेकचे लायनर, सारे आमच्या लेखणीखालून गेले. परंतु ट्रकमध्ये चालकाशेजारी बसण्याचा योग आला तो सेवानिवृत्तीनंतर. धुळ्यास लग्नाला निघालो असता बस चुकली, आणि पेढीतील एका चालकाने "मुनीमजी, आमच्याबरोबर चला" असा आग्रह धरला. त्या आग्रहाला आम्ही फार वेळ विरोध केला नाही.

निघण्यापूर्वी त्याने एक चमत्कारिक गोष्ट केली. ट्रकच्या पुढल्या भागाला या धंद्यात 'घोडा' म्हणतात. त्या घोड्याला नुकताच एक लांबलचक ट्रेलर जोडला होता. चालकाने हाताशी असलेली एक लहानशी दांडी ओढली, पहिला गिअर टाकला आणि गाडी हलकेच पुढे रेटली. घोडा जागच्या जागी थरथरला.

"निघावयाचे ना?" आम्ही विचारले.

"ट्रेलर बरोबर येणार की नाही, ते आधी पाहतो."

ती दांडी म्हणजे ट्रेलरचा हातब्रेक. पायाचा ब्रेक दाबला की घोडा व ट्रेलर या दोहोंची चाके धरली जातात. ही दांडी ओढली तर फक्त ट्रेलरची. ट्रेलर असा धरून ठेवावा आणि घोड्याने त्याला अलगद ओढून पाहावे. जोडणी कच्ची असेल, किंवा ट्रेलरचे ब्रेक धरत नसतील, तर ते येथेच उघडकीस येते. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलविताना ती मागे घरंगळू नये म्हणून, इंजिन भार घेईपर्यंत क्षणभर दांडी धरावी, हा तिचा दुसरा उपयोग. एरवी चालत्या गाडीत तिला हात लावू नये. गाडी उभी करून ठेवण्यासाठीही नाही. कारण हा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो, आणि हवा गळून गेली की चाके मोकळी होतात.

हे ऐकत असता आमच्या मनात एक जुनी फाईल उघडत होती.

पेढीत पूर्वी एक चालक होता. त्याच्या घोड्याचे लायनर इतरांपेक्षा पुष्कळ अधिक टिकत. ही काटकसर प्रथम आमच्याच नजरेस आली; आम्ही ती मालकांच्या कानांवर घातली आणि दिवाळीत त्याला बक्षीस देवविले. लायनर इतके टिकतात कसे, हे विचारण्याचे मात्र आम्हांस सुचले नाही. तो उतारावर पायाचा ब्रेक वाचवून हातब्रेकने नुसता ट्रेलरच रोखून धरीत असे. झीज व्हावयाची ती ट्रेलरची होई. पण ट्रेलर आज एका घोड्यामागे, तर उद्या दुसऱ्या. त्याचा खर्च कोणाच्याच नावावर पडत नसे.

पुढे एका पावसाळ्यात बिजासन घाटात त्याचा रिकामा ट्रेलर फिरला, आडवा होऊन कठड्यावर आदळला, आणि क्लीनरचा हात मोडला. चौकशीच्या कागदावरील 'चालकाची चूक' हे शब्द आमच्या हस्ताक्षरात आहेत. त्याची नोकरी गेली.

सेंधवा मागे पडले. आग्रा-मुंबई रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ३ आणि २०१० च्या नव्या क्रमवारीपासूनचा ५२, येथे सातपुडा उतरून शिरपूरकडे जातो. उतार लागण्याआधीच चालकाने खालचा गिअर टाकला. बिजासनी मातेला नमस्कार केला तो त्यानंतर. गाडी इंजिनाच्याच जोरावर सावकाश उतरू लागली.

"ट्रेलर फिरतो तो कसा?" आम्ही विचारले.

"फिरते चाक रस्ता धरते, मुनीमजी. जाम झालेले चाक नुसते घसरते. त्याला पुढे काय आणि आडवे काय, सारखेच."

रस्ता ओला आणि ट्रेलर रिकामा असला म्हणजे चाके लवकर जाम होतात, आणि मग बिजागरीवर दार फिरावे तसा ट्रेलर बाजूला फिरतो. त्या क्षणी घाबरलेला माणूस दांडी आणखी जोराने ओढतो. मागचे ओढून धरले की गाडी सरळ होईल, असे त्याला वाटते. वास्तविक ब्रेक सोडावयाचा असतो; चाके पुन्हा फिरू लागली की ट्रेलर आपण होऊन घोड्यामागे येऊ लागतो. अमेरिकेत अवजड वाहनांच्या परवान्यासाठी जी पुस्तिका अभ्यासावी लागते, तीही हेच बजावते.

"उस्तादांनी दांडी सोडली नाही," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "मी शेजारीच बसलो होतो. तो क्लीनर मीच."

बराच वेळ आम्हांस बोलवेना. अखेर बक्षिसाची हकीकत आम्ही सांगून टाकली.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "त्या पैशांतून उस्तादांनी मला स्वेटर घेऊन दिला होता."

यापुढे तो काही बोलला नाही. त्याने बोलावयास हवे होते असेही नाही. चूक चालकाचीच होती. ते शब्द आम्ही आजही खोडणार नाही. परंतु त्यांच्या खाली आणखी एक ओळ लिहावयास पुरेशी जागा होती, आणि लेखणी आमच्याच हाती होती.

लग्नाहून परतल्यावर आम्ही पेढीत गेलो. आमच्या जागी आलेल्या तरुण मुनीमाला एवढेच सांगितले, "लायनरचा खर्च लिहिताना घोडा आणि ट्रेलर एकाच पानावर लिहीत जा. आणि एखाद्याचा खर्च फार कमी दिसला, तर बक्षीस देण्याआधी त्याच्याबरोबर एकदा घाट उतरून ये."