हॅपी बर्थडे, बाबा!

१ जानेवारीला बाबांच्या मोबाइलवर विमा कंपनीचा एसएमएस आला, 'वाढदिवसाच्या शुभेच्छा!' आम्ही खो-खो हसलो. मार्चमध्ये बाबांचं ऑपरेशन झालं आणि हसू पळालं. आधारवर १ जून १९६२, विम्याच्या रेकॉर्डवर १ जानेवारी १९७०. ''वय लपवलंत का?'' काउंटरवरच्या पोराने बाबांना विचारलं. बाबा गप्प.

लपवलं कुणीच नव्हतं. एण्ट्री करताना तारखेचा रकाना रिकामा राहिला होता, इतकंच. बरेच कॉम्प्युटर वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून. रिकामी जागा शून्य धरली गेली, की टेबलात आपोआप तीच तारीख उमटते!

महिनाभर खेटे घातल्यावर क्लेम सुटला. आजीला सांगितलं, तर म्हणाली, ''अगं, १ जून तरी कुठे खरी? तुझा बाप पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. शाळेत घालताना तारीख सांगता येईना, गुरुजींनी जून टाकला.''

म्हणजे ऑटो-फिल आपल्याकडे आधीपासूनच आहे की! फक्त गुरुजींनी लिहिण्यापूर्वी पोराकडे एकदा बघितलं तरी होतं.

हल्ली फॉर्म सबमिट करण्याआधी मी पुन्हा वर जाऊन बघते, मी न भरलेलं काय काय भरलं गेलंय ते. आणि हो, यंदा केक पोळ्याच्या आदल्या दिवशी कापला. बाबा चक्क लाजले!