थिसिसचं नंतर बघू म्हणालीस, म्हणून

चि. सोनूस,



एमआयटीच्या प्रवेशाची बातमी ऐकून तुझ्या आईच्या आधी माझेच डोळे भरून आले. पण फोन ठेवता ठेवता तू जे बोललीस, ते काही केल्या डोक्यातून जात नाही. ‘थिसिसचा विषय तिथे गेल्यावर बघू गं मावशी, शेवटी तो उपचारच.’ अगं, उपचार? सासवडच्या वाड्यात जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच का, म्हणून ताट बाजूला सारून टेप घेऊन बसणारी तूच ना ती?

तू विचारलंस एवढंच, की कम्प्युटेशन घेऊ की अर्बनिझम. दोन्ही चांगले, त्यावर माझी झोप उडालेली नाही. पण तुझी पाच वर्षांची बी.आर्क. झाली आहे, कौन्सिलची नोंदणी झाली आहे. प्रॅक्टिस करायला तुला आणखी कुठल्या पदवीची गरज नाही. आता मिळाली आहे ती एसएमआर्चएस, म्हणजे संशोधनाची दोन वर्षं. त्यातून थिसिस वजा केला तर उरतं काय? सॉफ्टवेअर तर तू इथेही शिकशील.

आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं उदाहरण माझ्याकडून कितीदा ऐकलं असशील, तरी पुन्हा ऐक. मिशिगनची पदवी घेऊन ते याच एमआयटीत गेले. केविन लिंच, ग्यॉर्गी केपेश तेव्हा तिथे शिकवत होते. १९५५ साली कोरियांनी थिसिस म्हणून इमारत काढली नाही, ‘यू अँड युअर नेबरहुड’ नावाचा ॲनिमेशनपट केला. वस्तीतली माणसं एकत्र येऊन आपली वस्ती कशी सुधारू शकतील, हा विषय. वय पंचविशीच्या आतलं. पुढे दहा वर्षांत प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर त्यांनी खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली आणि १९८०च्या दशकात बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज उभं केलं. सात घरांच्या मधे साधारण आठ मीटर लांबरुंद अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरांचा मोठा चौक. एका घराची भिंत दुसऱ्याशी सामाईक ठेवली नाही. हातात पैसे येतील तसं ज्याने त्याने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याची परवानगी लागू नये. लोकांनी घरं वाढवली, कित्येकांनी तर पाडून नवीच बांधली. आपल्या व्यवसायातले काही जण ते बघून हळहळतात. मी नाही हळहळत. घरं बदलली, तरी अंगणांची मांडणी अजून ओळखू येते, आणि जपायची होती ती तीच. माणसं आपली वस्ती स्वतः घडवू शकतात का, हा विद्यार्थिदशेतला प्रश्न त्या माणसाने तीस वर्षं सोडला नाही. हा योगायोग आहे असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

म्हणून म्हणते, प्रश्न इथून घेऊन जा. तिथे गेल्यावर पहिल्याच सेमिस्टरला स्टुडिओ, वाचन, ज्युरी यांत तुला श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही. मग गाईडच्या हाती जो विषय असेल तो तुझा होईल, आणि कर्ज मात्र तुझ्याच नावावर राहील. त्या कर्जाचा आकडा मी अजून ताईला सांगितलेला नाही. भाऊजींना पेन्शन किती, हे तुला ठाऊक आहे.

आणि रात्र रात्र जागू नकोस. शेवटच्या वर्षी सबमिशनच्या आठवड्यात तुला सलाईन लावावं लागलं होतं. बॉस्टनच्या थंडीत तुझ्या उशाशी कोण बसणार? स्वयंपाक शिकून जा. निदान वरण-भात आणि दोन भाज्या.

व्हिसाची तारीख अजून लांब आहे. तोवर बेलापूरला सेक्टर आठमधल्या त्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये जा. फोटो काढून परत येऊ नकोस. एका अंगणाभोवतीची सातही घरं मापून शीटवर उतरव, तिथल्या बायकांशी बोल, कुणी काय वाढवलं आणि का, ते लिहून घे. मग तुझा प्रश्न एका कागदावर मला लिहून पाठव. बँकेच्या कागदांवर सही त्यानंतर कर.

तुझी,
मावशी