हंसाबाईंनी वेड लावलंय!

तुम्ही हंसा वाडकर वाचलीत का? पाहिलीत का, ते नंतर विचारते. आधी वाचलीत का ते सांगा. सध्या भाजीवालीपासून विहीणबाईंपर्यंत सगळ्यांना मी हेच विचारत सुटलेय. घरात तर मी तोंड उघडलं की टीव्हीचा आवाज वाढतो.

खरं तर मी निघाले होते शाहू मोडकांच्या मागे. मोडक आमच्या नगरचे. ख्रिस्ती घरातला हा देखणा मुलगा पडद्यावर कृष्ण झाला आणि १९४० मध्ये ‘प्रभात’च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये साक्षात ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वरी सांगितली गेली नेवाशाला, म्हणजे तीही आमच्याच जिल्ह्यात. आता सांगा, कॉलर ताठ होणार नाही तर काय! तो सिनेमा संपला आणि त्याच ओघात ‘प्रभात’चा पुढच्या वर्षीचा ‘संत सखू’ लावला. झालं. मोडक राहिले बाजूला.

कऱ्हाडच्या सखूची गोष्ट कुणाला माहीत नाही? सासूचा जाच, वारीची ओढ, खांबाला बांधून घातलेली सून आणि तिच्या जागी येऊन उभा राहिलेला विठ्ठल. कीर्तनात शंभरदा ऐकलेली. पण ही सखू करणारी पोर कोण? इतकी साधी, इतकी आपल्या वाड्यातली वाटणारी? शोधलं तर हंसा वाडकर! जन्म १९२३ चा. म्हणजे सखू केली तेव्हा जेमतेम अठराची! आणि तोवर ती मुरलेली नटी होती. मूळची रतन साळगावकर. तेराव्या वर्षी मामा वरेरकरांच्या ‘विजयाची लग्ने’त उभी राहिली, पुढे ‘बॉम्बे टॉकीज’च्या ‘नवजीवन’ची नायिका झाली. ज्या वयात आम्ही दहावीच्या गाइडांत डोकं खुपसून बसलो होतो, त्या वयात ही घर चालवत होती.

मग हातात घेतला १९४७ चा ‘लोकशाहीर रामजोशी’. एक सांगून ठेवते, मी माहेरची संगमनेरची. तमाशाच्या बाबतीत आम्ही कुणाचं ऐकून घेत नाही. पठ्ठे बापूरावांची पवळा आमच्या हिवरगावची, कांताबाई सातारकरांचं बिऱ्हाडही संगमनेरातच होतं. तेव्हा सिनेमातला तमाशा म्हटला की नाक मुरडायचं, हे ठरलेलं. पण हंसाबाईंनी केलेली तमासगीर बया समोर आली आणि नाक जागच्या जागी राहिलं! जयराम शिलेदारांच्या रामजोशीसमोर ती नुसती नाचत नाही, फडावरच्या बाईचा जो एक रोख असतो ना, ‘बघून घेईन’ असा, तो तिच्या मानेत आहे. सहा वर्षांपूर्वी खांबाला बांधलेली सखू ती हीच, हे खरंच वाटेना. पुढे राजा परांजप्यांच्या ‘पुढचं पाऊल’मध्ये पु.लं.बरोबर तीच. आणि १९५९ चा अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’! पुण्याच्या विजयानंद टॉकीजला तो दोन वर्षांहून जास्त चालला. लोकांना त्यातली जयश्री गडकरांची लावणी आठवते. आठवू दे. मी मात्र हंसाबाई पडद्यावर कधी येतात याचीच वाट पाहत होते.

आणि एवढं सगळं पाहून झाल्यावर पुस्तक मिळालं. ‘सांगत्ये ऐका’ हेच नाव. पत्रकार अरुण साधू, पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे, त्यांच्यापुढे हंसाबाई बोलल्या आणि त्यांनी ते शब्दांत उतरवलं. आधी ‘माणूस’ साप्ताहिकात आलं, १९७० मध्ये पुस्तक झालं. बेत होता रोज थोडं वाचायचा. कसलं काय! कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताची पेज झाली.

काय बाई आहे ही! लहानपणीच अंगावर पडलेली कमाईची जबाबदारी, कोवळ्या वयातलं लग्न, संशय, दारू, घर सोडून जाणं, मराठवाड्यातल्या एका घरात पडद्याआड काढलेली वर्षं. सगळं सांगते आणि कुठेही ‘माझी कीव करा’ म्हणत नाही. दुसऱ्यांचं सांगताना हातचं राखत नाही तशी स्वतःचं सांगतानाही नाही. मी प्यायले तर प्यायले. मी गेले तर गेले. नटनट्यांची आत्मचरित्रं वाचली आहेत मी. सत्कार, हारतुरे आणि थोर दिग्दर्शकांचे आभार. इथे तसलं काही नाही. साधूंनीही शहाणपणा केला, बाईच्या बोलण्याला इस्त्री केली नाही. आठवेल तसं ती सांगत जाते, मागचं पुढे, पुढचं मागे. माझ्या मते हाच तिचा सगळ्यात मोठा अभिनय, आणि यात अभिनय मुळीच नाही.

पुस्तक आल्यावर वर्षभरातच, १९७१ मध्ये त्या गेल्या. अठ्ठेचाळीस हे काय जायचं वय! श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ याच पुस्तकावरून निघाला, १९७७ मध्ये. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण एक तक्रार आहे. ‘भूमिका’तली उषा सोसते, धुमसते, गप्प होते. पुस्तकातली हंसाबाई गप्प बसणारी नाही. तिचं तोंड चालू असतं, आणि मला ती जास्त आवडते.

म्हणून विनंती एवढीच, ‘भूमिका’ पाहायचा असेल तर खुशाल पाहा, पण आधी पुस्तक वाचा. वाचनालयात मागा, नसेल तर मागवायला लावा. माझी प्रत मागू नका, ती आधीच दोघींकडे फिरतेय आणि तिसरी नंबर लावून बसली आहे.